मोठा रस्ता सोडून आत वळा: बालीतली कारागीर गावं नीट पाहायची असतील तर

बालीच्या विमानतळावरून उबुदकडे निघालं की वाटेत कारागिरांची गावं एकाला एक लागून येतात. बातुबुलानला दगडी मूर्तींच्या रांगा, चेलुकला चांदीची दुकानं, सुकावतीला बाजार, बातुआनला चित्रं, मासला लाकूडकाम. गाडीच्या खिडकीतून हा सगळा रस्ता म्हणजे एक लांबच लांब दुकान वाटतो. पहिल्या खेपेला मीही तो तसाच पाहिला. ड्रायव्हरनं एका भल्यामोठ्या शोरूमसमोर उतरवलं. दारात दोघं जण ठोकठोक करत बसले होते. त्यांच्याकडे दोन मिनिटं बघून झाल्यावर आम्हाला थंडगार दालनात नेलं आणि मी एक अंगठी घेतली. दोन दिवसांनी त्याच गावात पायी हिंडताना मागच्या गल्लीतल्या एका घराच्या पडवीत अगदी तशीच अंगठी घडताना दिसली. किंमत निम्म्याहून कमी. पैशांचं दुःख तासाभरात विरलं. पण जो माणूस ती अंगठी घडवत होता त्याच्यासमोर बसायचं पहिल्याच दिवशी राहून गेलं, याची चुटपुट अजून आहे.

म्हणून बालीला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, मोठा रस्ता सोडा आणि आत वळा. त्यासाठी काय तयारी लागते आणि आत गेल्यावर कसं वागायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी तिथलं पंचांग बघा

बालीतले कामाचे दिवस आपल्या रविवार-सोमवारावर ठरत नाहीत. तिथं पावुकोन नावाचं २१० दिवसांचं चक्र चालतं. गालुंगान आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा कुनिंगान हे मोठे सण दर २१० दिवसांनी येतात. या काळात प्रत्येक घरासमोर शेंड्याला वाकलेला, झावळ्यांनी सजवलेला उंच बांबू उभा असतो. त्याला पेन्जोर म्हणतात. गाव देखणं दिसतं, पण कारागीर देवळात आणि नातेवाइकांकडे असतात, हत्यारं बंद. शिवाय प्रत्येक देवळाचा आपला वर्धापनदिन असतो, ओदालान. तो त्या गावापुरताच असल्यामुळे कुठल्याही प्रवासी वेळापत्रकात सापडत नाही. उपाय सोपा आहे: आदल्या दिवशी राहत्या घराच्या मालकांना त्या गावात फोन करून विचारायला लावा.

न्येपीच्या दिवशी तर विमानतळही २४ तास बंद असतो. कुणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाही. हे तिथलं शक नववर्ष, आणि शकाचा आकडा आपल्या शालिवाहन शकाचाच. २०२६ मध्ये १९ मार्चला न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले आणि दोन्हीकडे शक १९४८ सुरू झालं. दर वर्षी मात्र असं जुळत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. त्यामुळे आपल्या कॅलेंडरवरून अंदाज बांधू नका.

एक दिवस आवर्जून शोधावा असा आहे, तुंपेक लांडेप. पूर्वी त्या दिवशी क्रिस म्हणजे कट्यारी आणि धातूच्या हत्यारांची पूजा व्हायची, आता मोटारी आणि स्कूटरही त्यात आल्या आहेत. खंडेनवमी पाहिलेल्या माणसाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी काम चालत नाही, पण फुलं वाहिलेल्या छिन्न्या आणि हातोड्या बघायला मिळतात.

ऋतू म्हणाल तर एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. वेळ सकाळी नऊ ते बारा. दुपारी कामाचा वेग मंदावतो आणि उबुदच्या रस्त्यांवर गाड्या हलत नाहीत.

मुक्काम, गाडी आणि ड्रायव्हरशी पहिलं बोलणं

तीन रात्री उबुदला आणि एक रात्र पूर्वेकडे सिदेमेन किंवा चांदीदासाला, अशी विभागणी करा. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि त्याला ५ लाख रुपिया लागतात. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना दीड लाख रुपियांचा वेगळा कर आहे, तो आधी ऑनलाइन भरता येतो. लाखांचे आकडे ऐकून दचकू नका. आपल्या एका रुपयाला साधारण १८५ रुपिया मिळतात.

दिवसभरासाठी गाडी आणि ड्रायव्हर ६ ते ८ लाख रुपियांत मिळतो. आता महत्त्वाचं. मोठ्या दुकानांकडून गाडीवाल्यांना कमिशन मिळतं आणि ते तुमच्याच बिलातून जातं. यात त्यांचाही दोष नाही, हंगामाबाहेर त्यांचं पोट त्यावर चालतं. म्हणून मी निघतानाच सांगते: ठिकाणं मी ठरवणार, शोरूम नको, ज्या घरात काम चालतं तिथं न्या, आणि संध्याकाळी ठरल्यापेक्षा १ लाख रुपिया जास्त देईन. ड्रायव्हरचा चेहराच बदलतो. एकदा तर एका ड्रायव्हरदादांनी आम्हाला सरळ आपल्या मावशीच्या हातमागावर नेलं.

दिवसाला दोन गावं. तिसरं घ्यायचा मोह होतो, पण तिसऱ्या गावात तुम्ही फक्त पाय मोकळे करता.

चेलुक: चांदीचा दाणा

चेलुकला मोठ्या रस्त्यावर गाडी थांबवा आणि बाजूच्या कुठल्याही गल्लीत पायी शिरा. हातोडीचा बारीक आवाज येईल त्या दाराशी थांबा. बालीतल्या घराला एक दरवाजा, त्यामागे आडवी भिंत आणि मग वळून अंगण अशी रचना असते. त्या भिंतीला आलिंग-आलिंग म्हणतात. वाईट शक्ती सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, असा समज. तुम्ही मात्र वळायचं आहे.

इथली बरीच घरं पांडे म्हणजे धातुकाम करणाऱ्या वंशांची. आपण बालीची म्हणून ओळखतो ती चांदी म्हणजे बारीक दाण्यांची. या दाणेकामाला तिथं 'जावान' म्हणतात. दाणे कसे होतात ते बघायला अर्धा तास काढाच. चांदीची केसासारखी तार कातरीनं तिळाएवढे तुकडे करून कोळशावर पसरतात. मग ज्योत. जुन्या घरांत अजून पायानं दाबायच्या भात्यावर ती चालते. तुकडा लाल होतो, आकसतो, आणि एका क्षणी आपोआप गोल होऊन कोळशावर घरंगळतो. साचा नाही, काही नाही. वितळलेल्या थेंबाचा स्वभावच गोल व्हायचा. मग हे दाणे ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलून नक्षीवर बसवतात, वर जोड धरण्यासाठी चांदीचा भुगा आणि टाकणखार, आणि पुन्हा ज्योत. ही ज्योत जरा जास्त झाली की शेकडो दाणे एकदम वितळून सपाट होतात आणि तीन दिवसांचं काम जातं. मी बघत असताना ते बसवणाऱ्या काकांनी श्वास रोखला होता आणि माझाही थांबला होता.

शेवटी काळवंडलेला दागिना चिंचेच्या पाण्यात उकळतात आणि रिठ्यानं घासतात. रिठ्याला ते लेराक म्हणतात. आमच्या आजीच्या न्हाणीघरातला तोच फेस.

खरेदी करताना ९२५ चा शिक्का बघा, तराजूवर वजन करायला लावा आणि वजनाचे किती, मजुरीचे किती ते वेगवेगळं विचारा. प्रामाणिक घरात याचं उत्तर लगेच मिळतं. तीन-चार तासांत स्वतःच्या हातानं अंगठी करायला शिकवणारे वर्गही इथे आणि उबुदला आहेत. हात वाकडा पडला तरी शिका, त्यानंतर दुसऱ्याच्या कामाची किंमत वेगळी दिसते.

मास: सातवीण आणि पर्जन्यवृक्ष

मास हे लाकूडकामाचं आणि मुखवट्यांचं गाव. १६ व्या शतकात जावाहून आलेल्या दांग ह्यांग निरार्थ या पुरोहितांचा मठ इथे होता, असं मानतात. त्या जागी आज पुरा तामान पुले हे देऊळ आहे. पुले म्हणजे आपली सातवीण, पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पावसाळा सरला की जिचा उग्र वास येतो तीच. मुखवट्याचं लाकूड हे. हलकं, मऊ, पांढरट. पवित्र मुखवट्यासाठी झाड पाडत नाहीत. चांगला दिवस बघून, पूजा करून, जिवंत झाडाचा हवा तेवढाच भाग काढून घेतात. मग कोरीव काम आणि त्यावर हाडाच्या पुडीचा पांढरा रंग, थरावर थर. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा देत नाहीत.

मोठ्या मूर्ती आणि टेबलांसाठी वापरतात ते सुआर म्हणजे पर्जन्यवृक्ष. मुंबईत ज्याच्या सावलीत आपण रिक्षाची वाट बघतो, तोच. फणस आणि महोगनीही असतात. म्हणून पहिला प्रश्न "कायु आपा?", कुठलं लाकूड? उत्तर देताना कोरणारा माणूस मान वर करतो आणि गप्पा सुरू होतात.

कोरणारे जमिनीवर मांडी घालून बसतात आणि ठोकळा पायाच्या तळव्यांत धरतात. शेजारी वीस-तीस छिन्न्या पसरलेल्या असतात, न बघता हात बरोबर हवी त्या छिन्नीवर जातो. १९३० च्या दशकात इथल्या इदा बागुस न्याना यांनी देवादिकांच्या ठरीव आकृत्यांपलीकडे जाऊन लांबट, गोलसर, जवळजवळ नक्षीविरहित माणसं कोरली. पुढे त्यांचे चिरंजीव इदा बागुस तिलेम यांनी लाकडाच्या गाठी आणि वाकड्या मुळांतूनच आकार काढले. त्यांची कामं बघून मग आजच्या दुकानातली मूर्ती हातात घ्या. डोळा लगेच निवड करू लागतो.

बातुआनची चित्रं जवळच आहेत, गच्च भरलेली, काळसर, एक बोटभरही जागा रिकामी नसलेली. उबुदच्या पुरी लुकिसान संग्रहालयात ती आधी बघून घ्या, मग गावात जा. सुकावतीचा बाजार भेटवस्तूंसाठी ठीक. मात्र त्याच परिसरात पुआया इथे चामड्याच्या सावली-बाहुल्या कोरतात, तिथं थांबा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकरांच्या चामडी बाहुल्या पाहिल्या असतील तर तुम्हाला विचारायला शंभर प्रश्न सुचतील. बातुबुलानचा दगड मऊ आणि सुरेख, पण घरी नेण्याजोगा नाही. बघा आणि पुढे चला.

क्लुंगकुंग: कामासानचं कापड, तिहिंगानचं कांसं

दुसऱ्या दिवशी पूर्वेला सेमारापुरा, म्हणजे क्लुंगकुंगच्या जुन्या राजधानीत जा. आधी केर्ता गोसा हा राजांचा न्यायमंडप. मान वर करून छत बघा. तिथं भीम नरकात गेलेला दिसतो, पंडू आणि माद्रीला सोडवायला. आपण ऐकलेल्या महाभारतात ही गोष्ट नाही, बालीत मात्र ती घरोघरी ठाऊक आहे. डोळे बघून पात्रं ओळखायची: सुसंस्कृत पात्रांचे डोळे बारीक आणि लांबट, रांगड्यांचे वाटोळे. भीमाचे अर्थातच वाटोळे.

ही शैली जिथून आली ते कामासान गाव तिथून अगदी जवळ आहे. कापड कसं तयार होतं ते नक्की दाखवायला सांगा. सुती कापडाला तांदळाची खळ देऊन उन्हात वाळवतात. मग बांबूच्या लवचिक काठीला बांधलेली कवडी त्यावर दाबून घासतात, कापड कागदासारखं गुळगुळीत होईपर्यंत. मुख्य चित्रकार रेखाटन करतो, घरातली बाकीची माणसं, बऱ्याचदा बायका, रंग भरतात, आणि शेवटी काळी रेघ पुन्हा जाणत्या हाताकडे. काळा काजळीचा, पांढरा हाडाचा, लाल चिनी शेंदराचा, पिवळे-तपकिरी दगड उगाळून. कापड उन्हाकडे धरून बघा: खळ नीट दिलेली असेल तर ताणलेल्या पापडासारखं दिसतं.

तिहिंगानला गामेलानची, म्हणजे तिथल्या कांस्य वाद्यवृंदाची, वाद्यं घडतात. तांबं आणि कथील वितळवून, तापवून, चार-पाच जण आळीपाळीनं घण घालतात. भट्टी रोज पेटत नाही, पण कानस चालवणं आणि सूर लावणं बहुधा चालू असतं, आणि खरी जादू तिथेच आहे. बालीत वाद्यं जोडीनं करतात आणि जोडीतल्या एकाचा सूर दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढा ठेवतात. दोन्ही एकत्र वाजली की आवाज थरथरतो, लाट आल्यासारखा. त्याला ओंबाक म्हणतात, लाटच. कारागिराला विनंती करा: आधी एक, मग दुसरं, मग दोन्ही. छातीत जाणवतं.

तेंगानान: दोन्हीकडून बांधलेलं वस्त्र

एवढ्या सगळ्यात एकच गाव बघता येणार असेल तर मी तेंगानान निवडीन. उबुदहून दीड तास, चांदीदासापासून जवळ. ही बाली आगा म्हणजे बालीतल्या जुन्या लोकांची वस्ती, इंद्राला मानणारी. प्रवेशापाशी नोंद करून देणगी द्यायची आणि पायी आत जायचं.

इथलं वस्त्र गेरिंग्सिंग. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. आजार दूर ठेवणारं कापड. विणायच्या आधीच ताण्याचे म्हणजे उभे आणि बाण्याचे म्हणजे आडवे, दोन्ही धागे गाठी मारून रंगवतात. हे हातमागावर जमवणारी जगात मोजकीच ठिकाणं, त्यांत गुजरातेतलं पाटण, जपान आणि हे गाव. आपल्याकडच्या पाटणच्या पटोळ्यांना इंडोनेशियात शतकानुशतकं मान होता, ती वारशात जपली जायची. त्यामुळे तेंगानानच्या मागासमोर बसताना परकं वाटत नाही.

सूत आधी केमिरी नावाच्या तेलकट बीच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात चाळीसेक दिवस मुरवतात. तांबडा रंग बारतोंडीच्या, म्हणजे आपण हल्ली नोनी म्हणतो त्या झाडाच्या मुळांच्या सालीचा. निळा शेजारच्या बुगबुग गावात जाऊन रंगवून आणतात, कारण तेंगानानात नीळ घालायची नाही अशी रीत आहे. तांबडा गडद व्हायला धागे पुन्हा पुन्हा बुडवून, वाळवून, महिनोन् महिने थांबतात. एक मोठं वस्त्र पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागू शकतात.

विणणाऱ्या ताईंच्या अगदी जवळ, पण त्यांच्या उजेडात न येता बसा. माग कमरेला पट्ट्यानं बांधलेला असतो, ताण त्या आपल्या पाठीनं देतात. बाण्याचा एक धागा टाकला की लगेच ठोकत नाहीत. वाकून बघतात. ताण्यावरचा तांबडा ठिपका आणि बाण्यावरचा तांबडा ठिपका एकावर एक यायला हवेत. न आल्यास बारीक टोकानं एकेक धागा सरकवतात, दोन केसांएवढा इकडे, एक तिकडे. मग पुढचा धागा. मी पाऊण तास बसले होते, तेवढ्यात बोटाच्या पेराएवढंही कापड वाढलं नाही.

खरं कसं ओळखायचं? दोन्ही बाजू सारख्याच गडद दिसतात, रंग तीनच, तांबडा, साईसारखा पिवळट आणि निळसर काळा, आणि नक्षीच्या कडा किंचित धूसर. मागची बाजू फिकी असेल तर ती छपाई. किंमत लहान पट्ट्याला काही लाख रुपियांपासून मोठ्या वस्त्राला कोटींपर्यंत. १ कोटी रुपिया म्हणजे आपले ५४ हजारांच्या आसपास. परवडत नसेल तर इथल्याच 'आता' नावाच्या वेलीच्या टोपल्या घ्या. त्या उन्हात वाळवून नारळाच्या सोडणांच्या धुरात धरलेल्या असतात, म्हणून त्यांना तो खमंग वास येतो.

सिदेमेनला एंदेक आणि सोंगकेत विणतात. एंदेकमध्ये फक्त बाण्याचा धागा बांधून रंगवलेला असतो, त्यामुळे तो रोज वापरण्याजोगा आणि खिशाला झेपणारा. सोंगकेत जरीचं. पैठणीची उलटी बाजू बघायची सवय असेल तर इथेही कापड उलटंच करून बघा.

अंगणात शिरल्यावर

"ओम स्वास्तिआस्तु" म्हणत हात जोडा. पुरुषाला पाक, बाईला इबू, आपल्याहून थोड्या मोठ्या तरुणाला ब्ली म्हणजे दादा. "बोलेह लिहात?" म्हणजे बघू का. "बोलेह फोटो?" फोटो काढू का. "सियापा यांग बुआत?" कुणी बनवलं. निघताना "सुक्सम" म्हणजे धन्यवाद. शब्द ओळखीचे वाटतील: भाषेला बाहासा, काचेला काचा, किमतीला हार्गा, आपला अर्घ.

उंबऱ्याशी फुलं आणि उदबत्ती ठेवलेली छोटी झावळीची पत्रावळ असते, चानांग सारी. ती ओलांडू नका, बाजूनं जा. देण्याघेण्याला उजवा हात. घरातल्या देवळाजवळ जायचं तर विचारून, कमरेला वस्त्र गुंडाळून. पाळीच्या दिवसांत बायकांनी देवळात जाऊ नये ही तिथली रीत आहे, पाट्याही असतात. कामाचं अंगण मात्र मोकळं असतं. हत्यारं उचलून बघू नका, ती पूजेतली आहेत.

बाजारात घासाघीस करा, निम्म्यापासून सुरुवात केली तरी कुणी रागावत नाही. कारागिराच्या घरी एकदाच "बिसा कुरांग?" म्हणजे काही कमी होईल का, असं विचारावं आणि जे उत्तर येईल ते मानावं. काहीच घ्यायचं नसेल आणि तासभर बसला असाल तर एखादी लहानशी वस्तू घ्या किंवा चहापाण्याचे म्हणून ५० हजार रुपिया पुढे करा. पावतीवर करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहून मागा.

घरी आणताना

कासवाची पाठ किंवा हस्तिदंत कितीही जुनं सांगितलं तरी हात लावू नका. क्रिस घेतली तर ती चेक-इनच्या बॅगेत. चांदीची पावती हातातल्या बॅगेत, कस्टमची मर्यादा निघण्यापूर्वीच बघून ठेवा. लाकूड घेताना तळ उलटा करून भेगा, पुट्टी भरलेली जागा आणि किड्यांची भोकं तपासा, साल असलेलं लाकूड नकोच. बालीच्या दमट हवेतलं लाकूड विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तडकतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि एसी-कूलरच्या झोतापासून लांब.

विणलेलं कापड घडी न घालता गुंडाळून, मऊ सुती फडक्यात ठेवा आणि वर्षातून दोनदा सावलीत वाऱ्यावर काढा. कामासानचं चित्र ओल्या भिंतीवर लावू नका, खळ आहे, झुरळं आणि कसर येते. आणि चांदी काळी पडली तर दुकानातलं पॉलिश आणू नका. रिठे रात्रभर भिजत घाला, सकाळी जुन्या मऊ ब्रशनं त्याच पाण्यानं हलकेच घासा. दाण्यांच्या खाचांतली काळी रेघ मात्र राहू द्या, नक्षी उठून दिसावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.